चाकं जमिनीले टेकल्यावर

"समोरचे बुश गेले," नाना म्हणाले. मले वाटलं, गेले तं जाऊ द्या ना बाप्पा, या वयात माणसानं काय काय सांभाळायचं.

नाना म्हणजे माझे यजमान, अनंतराव. रेल्वेच्या वर्कशॉपमधून रिटायर झाल्यापासून समता कॉलोनीतल्या आमच्या पोर्चमध्ये ते अन् त्यांची पांढरी कॉन्टेसा, असा दोघांचा संसार आहे. मी आपली चहापाण्याले. ब्रेकर आला की गाडी समोरून खडाक वाजायची, अन् ब्रेक लावला की डावीकडे ओढायची. चाकाच्या मागं लोखंडी आर्म असतात, त्यांच्या सांध्यात रबराचे बुश असतात, ते झिजले म्हणजे गाडीचे गुडघे वाजतात, असं नाना सांगतात. गुडघे माझेही वाजतात, पण त्यांचं सामान कोणी मागवत नाही.

खरं दुखणं बुशचं नव्हतंच. मागच्या महिन्यात नाना याच गाडीनं कारखान्यांच्या बाजूले, भनपुरीले गेले अन् ऑटोनं घरी आले. मी विचारलं, "गाडी कुठं आहे?" तं म्हणाले, "पोर्चमध्येच असंल, कुठं जाईल?" आमचा पोरगा शिशिर धावत गेला. गाडी ट्रकांच्या लायनीत उभी होती, इंजन चालू, दार सताड उघडं, अन् मागचे ट्रकवाले शिव्या देऊन राहिले होते. शिशिरनं चावी स्वतःच्या खिशात घातली.

शिशिर इथल्या हिंदी शाळेत शिकला, त्याले मराठी सगळं समजते, बोलतो मात्र हिंदीत. "पापा, अब आप गाड़ी नहीं चलाओगे," त्यानं सांगितलं. नानांनी जेवण सोडल्यासारखंच केलं. डॉक्टरचं नाव काढलं की उठून जायचे. शेवटी त्यांनीच तोड काढली. "बुश मी बदलतो. काम बरोबर झालं तं चावी माझी. कुठं चुकलं तं गाडी विकून टाक, मी तोंड उघडणार नाही."

शिशिरले ते पटलं. "ठीक है. शाम को मैं चलाके देखूँगा."

मले दोघांचाही राग आला. माणसाचं डोकं ठिकाणावर आहे का नाही, हे काय गाडीच्या बोल्टावरून ठरवतात? पण या घरात माझं कोण ऐकते.

रविवारी सकाळी काम काढलं. नानांच्या संगं मी असतेच. पाने देणं, चिंधी देणं अन् शेवटी वजन म्हणून गाडीत बसणं, ही गाडी आली तेव्हापासून माझी ड्यूटी. वजनाचं असं आहे: बुश बसवताना गाडी जॅकवर असते, चाकं हवेत लोंबतात. तेव्हा बोल्ट नुसते हातानं लावून ठेवायचे. गाडी खाली उतरवायची, चाकं जमिनीले टेकली अन् ड्रायव्हरच्या सीटवर कोणी बसलं, की मग कसायचे. हवेतच कसले तं रबर पिळलेलं राहते अन् थोड्या दिवसांत फाटते. नाना दर वेळी म्हणायचे, "चल इंदू, बस. खाल्लेलं कामी येऊ दे." मी दर वेळी चिडायची, अन् दर वेळी बसायची.

त्या दिवशी नानांचे हात पाहून माझा जीव निवला. स्प्रिंग शिकंजा लावून दाबली, ती उसळली तं तोंड फुटते, म्हणून मले मागं सरकवलं. आर्म काढले. जुने बुश बाकावरच्या वाइसमध्ये, त्या लोखंडी पकडीत धरून, मागून लोखंडी नळी लावून, हळूहळू बाहेर ढकलले. नवे बसवताना मी तेलाची बुधली समोर केली तं ओरडले, "तेलानं रबर सडते, साबणाचं पाणी आण." मी आनंदानं आणलं. एवढं ज्याले आठवते, त्याले काय झालं असंल? मी आतल्या आत शिशिरले चार गोष्टी सुनावूनही टाकल्या. मधून पोहे केले, नानांनी दोनदा मागून खाल्ले.

आर्म परत चढले. बोल्ट लागले. मी चिंधी खांद्यावर टाकून उभी राहिली, आता म्हणतील, चल इंदू.

नानांनी मोठा पाना घेतला, त्याच्यावर पाइप चढवला अन् चाकं हवेत लोंबत असतानाच बोल्ट कसायले लागले. दात आवळून, सगळा जोर लावून. एक बाजू झाली. दुसरी बाजू झाली. मी वाट पाहत होती. मले वाटलं, मधेच थांबतील, कपाळावर हात मारतील.

"झालं," म्हणाले अन् गाडी खाली उतरवली.

मी हळूच विचारलं, "मी बसू ना?"

"काहून?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कुठं जाऊन राहिलो आपण?"

मी म्हटलं, कुठं नाही, हात धुऊन घ्या.

दुपारभर मी नुसती या खोलीतून त्या खोलीत फिरली. हे काम असं की आज कोणाले काही दिसणार नाही. नवं रबर आहे, शिशिर चालवेल, गाडी छान चालेल, चावी नानांच्या हातात जाईल. मग नाना एकटेच कुठं भनपुरीच्या रस्त्यानं निघतील, ट्रकांच्या मधून, अन् मी दारात बसून राहीन. सांगावं तं आपलेच दात अन् आपलेच ओठ. नवऱ्याले पोराच्या समोर उघडं कसं पाडू? मले भीती वाटत होती, अन् नानांची नाही, त्या चावीची.

संध्याकाळी शिशिर आला. गाडी घेऊन चौकापर्यंत गेला, सगळे ब्रेकर मुद्दाम घेतले अन् हसत परत आला. "पापा, मक्खन! मान गए आपको." त्यानं खिशातून चावी काढली. नानांनी हात पुढं केला. महिन्याभरात तो चेहरा मी एवढा खुललेला पाहिला नव्हता.

"थांब," मी म्हटलं. "बोल्ट हवेत कसले आहेत."

शिशिरले कळलं नाही. मी त्याले समजावून सांगितलं, चाकांचं अन् वजनाचं. तो वडिलांकडे पाहायले लागला.

"काहीही काय बोलते?" नाना म्हणाले. आवाजात राग नव्हता, उलट माझी कीव होती. "खाली उतरवूनच कसले. तूच तं बसली होती ना सीटवर. हिरव्या साडीत."

मी सकाळपासून गाऊनवर होती. हिरवी साडी किती वर्षांआधी बोहारणीले दिली, ते मलेही आठवत नाही.

"मम्मी, आप बैठी थीं?" शिशिरनं विचारलं.

हो म्हटलं असतं तं तिथंच मिटलं असतं. नाना माझ्याकडे इतक्या भरवशानं पाहून राहिले होते, की शब्द तोंडाशी आलाच होता.

"नाही बसली," मी म्हटलं.

मग मी पोतं अंथरलं, चाकाच्या मागं वाकली, पाना लावला, पाइप चढवला. शिशिर म्हणाला, "मम्मी, छोड़ो ना." मी सोडलं नाही. सगळं अंग टाकलं तेव्हा नट सुटला. एक, मग दुसरा. पिळलेलं रबर मोकळं झालं, कर्रर्र आवाज आला, अन् गाडीचं नाक त्या बाजूनं दोन बोटं खाली बसलं. तिघांनीही पाहिलं.

नाना गुडघ्यावर बसले. आत हात घालून बुश चाचपला, मग आर्म. त्यांचं तोंड लाल झालं.

"कोणत्या गाढवानं हे हवेत कसले?"

शिशिरनं माझ्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यात पाणी आलं होतं.

"मी कसले," मी म्हटलं.

नानांनी माझ्या हातातून पाना काढून घेतला. "इंदू, इतकी वर्षं माझ्यासंगं काम करून राहिली, अन् एवढं नाही समजत तुले? रस्त्यात कोणाचा जीव गेला असता." मग ते शिशिरकडे वळले. "चावी तुझ्यापाशीच ठेव रे. हिनं कितीही मागितली तरी देऊ नको."

शिशिरनं चावी खिशात टाकली.

"नाही मागत जी मी," मी म्हटलं.