मधला समुद्र

संत्रं सोलताना त्याच्यावरचं चिमुकलं स्टिकर अंगठ्याच्या नखावर येऊन बसलं, ते सकाळपासून तिथंच होतं — हिरवं, लंबगोल, आणि त्यावर बारीक अक्षरांत 'स्पेन'. रचनानं दोनदा ते खरवडायचं मनात आणलं आणि दोन्ही वेळा, जाऊ दे, म्हणून हात पुन्हा कीबोर्डवर ठेवला. नागपूरची बाई इंग्लंडातल्या रीडिंग गावच्या ऑफिसात बसून स्पेनचं संत्रं खाते... आणि तेही आंबट. बाबा असते तर एवढ्यावर त्यांनी चांगली तासभर थाप रंगवली असती — की हे झाड मूळचं आपल्या काटोलचंच, कुणी गोरा भिक्खू त्याचं रोप भिक्षापात्रात लपवून पळाला, आणि माहेर सुटल्यापासून ते जे रुसलं ते रुसलंच, म्हणून आंबट.

स्क्रीनवर राजीव बोलत होता. राजीव तिचा मॅनेजर. काम का लांबलं हे तो अशा थाटात सांगे, की जणू ते लांबवणं हीच मूळ योजना होती. रचनाच्या नावाशेजारी माइकच्या चित्रावर लाल तिरकी रेघ होती. ती रेघ ठीक जागेवर आहे ना, हे तिनं पाहिलं. पुन्हा पाहिलं. ही सवय तिला बाबा गेल्यापासून लागली होती, आणि कुणी कारण विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं — म्हणजे आलं असतं, पण सांगितलं नसतं.

पाच रात्री. ईस्टरच्या सुट्टीतल्या पाच रात्री दोन शहरांत वाटायच्या होत्या, आणि आठवडाभर घरात दुसरा विषय नव्हता. लेकीचा, स्वरालीचा हिशेब सोपा: "बार्सिलोना फोर, मॅड्रिड वन. मम्मी, मला ती चर्च बघायचाय, जो शंभर वर्षं झाली तरी बांधतायत." प्रबुद्ध, रचनाचा नवरा, सोफ्यावरून म्हणायचा, "तीन-दोन करा, आणि मला झोपू द्या." शहरांवरून भांडण करणारी माणसं सुखी असतात, असं रचनाला वाटलं होतं. तिचं भांडण शहरांशी नव्हतंच. मॅड्रिडमध्ये तिचा दादा, अंशुमन, राहत होता.

आता हे कुणा इंग्रजाला समजावून सांगायला बसलं तर चहा गार होईल. सख्ख्या भावाच्या गावात रात्रीचा मुक्काम करायचा आणि हॉटेलात उतरायचं, म्हणजे भर चौकात त्याच्या तोंडात मारण्यासारखं. त्यापेक्षा त्या गावाला न गेलेलं बरं. म्हणजे मॅड्रिडला दिलेली प्रत्येक रात्र ही मॅड्रिडला नव्हे, दादाच्या घराला दिलेली. एक रात्र निभावता येते. एका रात्रीत जेवण, पोरांच्या शाळा, तिकडची थंडी, इकडचा पाऊस — झालं, दिवा मालवला. पण दुसऱ्या रात्री... दुसऱ्या रात्री जेवणं उरकतात, पोरं आपापल्या फोनमध्ये शिरतात, आणि मग दोन मोठी माणसं खरकट्या ताटांसमोर उरतात. दुसऱ्या रात्री माणसं बोलतात.

बाबा गेले तेव्हा तिचा इथं कायम राहण्याचा अर्ज चालू होता. निकाल लागण्याआधी देश सोडला तर अर्ज बाद, नोकरीचा व्हिसाही संपत आलेला. सगळं विचारून झालं, वकिलाला फोन झाला, आणि मग आईच म्हणाली, नको येऊ वं, तिकडचं सांभाळ. तेव्हा दादानं फोन वर धरून तिला सगळं दाखवलं. फुलं दिसली, हारांआड बाबांचं नाक दिसलं, भंतेजींचा आवाज आला. मग खांदा द्यायची वेळ आली आणि दादानं फोन तसाच शर्टाच्या खिशात टाकला. स्क्रीन काळी झाली. त्या काळोखातून तिला 'बुद्धं सरणं' ऐकू येत होतं, आणि कापडाची खसखस, आणि दादाचा श्वास — चढावर चालणाऱ्या माणसाचा असतो तसा. मध्येच तो मान खाली घालून खिशाला विचारायचा, "रचे, आहेस का?" आणि ती रडत, मोठमोठ्यानं सांगायची, आहे दादा, आहे. "रचे? आहेस का?" आहे ना! अरे आहे! इतकी ओरडली की शेजारच्या बाईंनी भिंतीवर टकटक केली.

सगळं झाल्यावर तिला ती लाल तिरकी रेघ दिसली. दिवसभर मीटिंगांत बसणारं बोट — फोन आला, लावला, आधी आवाज बंद. बोटानं तिला न विचारताच आपलं काम चोख केलं होतं.

दादा पुढं एकदाच बोलला, तेही आईच्या तोंडून: "तिला कामं होती, ती उठून गेली." आणि आपण त्याला काय सांगणार होतो? मी म्यूटवर होते? बापाच्या अंत्यविधीला मी म्यूटवर होते... हे वाक्य तोंडातून काढून बघितलं की त्याला ऑफिसच्या कॉफीचा वास येई. पुढं दादा पुण्याची नोकरी सोडून मॅड्रिडला आला, अर्ज मंजूर झाला, यथावकाश निळा पासपोर्टही आला. आता कुठंही जाता येत होतं. कुठंही.

"रचना, एनी थॉट्स?" राजीवनं विचारलं.

"नो, ऑल गुड," ती म्हणाली. कुणाला ऐकू गेलं नाही. "यू आर ऑन म्यूट, रचना," सगळे हसत म्हणाले.

दुपारी दादाचा मेसेज आला. "जय भीम. आईकडून कळलं, स्पेनला येताय. मॅड्रिडला किती दिवस, कळवा." भावानं बहिणीला जय भीम लिहावं यात वावगं काहीच नाही, पण या माणसानं जन्मभर तिला 'रचे' नाहीतर 'ए चपटे' याखेरीज हाक मारलेली नव्हती. आणि 'कळवा'! ते 'कळवा' ती घरी चालत येताना चघळत राहिली. आधी ऑफिसांच्या काचा गेल्या, मग स्टेशनातून उताराकडे वाहणारी कोटातली माणसं — सगळी तिच्यासारखीच दमलेली, सगळ्यांचे खांदे एकाच शिंप्यानं शिवल्यासारखे पडलेले.

पण आईला कळलं ते कसं कळलं, हे आठवून त्या दमण्यातही तिला थोडी लाज वाटली. रविवारच्या फोनवर तीच बार्सिलोना म्हणाली होती, आईला नकाशा काय कळतोय अशा समजुतीनं. आणि आई लगेच म्हणाली होती, "मंग तं अंशुमनच्या गावावरूनच जाशील?"

"नाही गं आई, लांब आहे ते."

"किती लांब?"

"खूप. मध्ये समुद्र आहे."

"काहून वं? देश तं एकच हाय ना?"

"देश एकच, पण मधून समुद्र जातो."

"बरं बाप्पा," आई म्हणाली — अगदी त्या सुरात, ज्या सुरात जन्मभर ती नवऱ्याला म्हणत आली. कारण समुद्र ही त्या घराची जुनी चीज. बाबा पोस्टात होते, आणि दोन्ही पोरांना फुटाळा तलावाच्या काठावर बसवून सांगायचे, की समुद्र आधी नागपुरातच होता. पुढं त्याची मुंबईला बदली झाली, आणि सामानाच्या गडबडीत हे एक पिल्लू तो इथं विसरून गेला. दादा विचारायचा, मग तो न्यायला कधी येणार? बाबा म्हणायचे, अर्ज दिलाय त्यानं. चालू आहे.

घरी स्वराली लॅपटॉप उघडून स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसली होती. प्रबुद्ध कुकरच्या शिट्ट्यांवर लक्ष ठेवल्याचा देखावा करत होता.

"मम्मी, आज फायनल. मधली ट्रेन बुक करायचंय. मॅड्रिड किती? वन, टू?"

"चहा तरी घेऊ दे तिला," प्रबुद्ध म्हणाला. "आल्या आल्या काय कोर्ट भरवते."

"पप्पा, तुम्हीच म्हणाला, तिकीट महाग होतो."

रचनानं कोट न काढताच खुर्ची ओढली. एक म्हणून टाकावं. एक — आणि पोरीची हौस पुढं करावी, चर्च पुढं करावं, समुद्रकिनारा पुढं करावा. दादा काही म्हणणार नाही. तो पुन्हा जय भीम लिहील. आपणही जय भीम लिहू. असंच लिहीत दोघं म्हातारी होऊ, एकाच खंडात, दोन तासांच्या विमानावर... टेबलावर फोन थरथरला.

"आई म्हणते, बार्सिलोनाहून माझ्याकडं यायला बोट लागते. मी तीन वर्षं झाली इथं राहतो, मला समुद्र दिसला नाही."

खाली तीन ठिपके हलले, थांबले, पुन्हा हलले.

"शेजाऱ्याला विचारलं. तो म्हणतो, होता, बदली झाली."

तिला हसू येत होतं, पण ते मध्येच आपली वाट चुकलं. आवाज नव्हता, अक्षरं होती, आणि तरी तिला ऐकू आला तो बाबांचाच घसा — थाप मारण्याआधी खाकरणारा. दादाकडं राहिलंय ते, तर. आपण इतकी वर्षं समजत होतो की ते त्या हारांबरोबर गेलं.

तीन ठिपके पुन्हा हलले. बराच वेळ हलले.

"रचे, आहेस का?"

मेसेज बोलून पाठवायच्या माइकच्या चित्रावर तिचा अंगठा टेकला होता, नखावर ते हिरवं स्टिकर, आणि बोट — ते शहाणं, ऑफिसला जाणारं बोट — दाबत नव्हतं. दाबलं तर पुढं काय बोलायचं, हे सहा वर्षांत तिनं हजारदा बोलून पाहिलं होतं आणि आत्ता त्यातला एक शब्द जागेवर नव्हता.

"आहे," ती म्हणाली.

फोनला नव्हे. नुसतीच, मोठ्यानं, कोट अंगात, कुकरच्या वाफेत. तिनं धास्तावून दोघांकडं पाहिलं. प्रबुद्धनं वळून बघितलं. स्वरालीनं एका कानातलं इअरफोनचं बोंडूक काढलं.

"काय आहे, मम्मी?"

ऐकू आलं होतं. एवढंच तिला कळलं, आणि ते कळणं इतकं अनोळखी होतं की ती तशीच बसून राहिली — वन की टू याचं उत्तर अजून दिलेलं नव्हतं, अंगठा अजून तिथंच होता — आणि स्वतःचा आवाज टेबलावरून, भिंतीवरून, पोरीच्या तोंडावरून परत आपल्याकडं येताना ऐकत राहिली.