तिच्या वाटणीची जागा

अलीकडे आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी कॉम्प्युटर आला आहे, आणि त्याच्यापुढे कोणी किती वेळ बसायचं यावरून कुरबुरीही सुरू झाल्या आहेत. नरहर आपट्यांच्या घरात अशी कुरबूर कधी झाली नाही. जे झालं ते आवाज न होता झालं.

नरहर मूळचे मिरजेचे. बँकेच्या नोकरीत बदली होऊन बनारसला आले आणि बालाजी घाटाजवळ पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी घरातल्या मृणालिनीशी लग्न करून इथलेच झाले. शहाण्णव साली त्यांनी कॉम्प्युटर घेतला. दुकानदाराने हार्ड डिस्कचे दोन भाग पाडून दिले. 'सी' नरहरांना, 'डी' मृणालिनीला.

मृणालिनी शाळेत शिकवायची. शाळा सुटली की टेपरेकॉर्डर घेऊन अन्नपूर्णामावशींसारख्या मोहल्ल्यातल्या वयस्क मराठी बायकांकडे जायची. त्यांचं बालपण, त्यांची लग्नं, गंगेच्या पुराचे दिवस, सगळं त्यांच्याच हिंदीमिश्रित बोलीत उतरवून घ्यायची. नव्या कॅसेटी परवडत नसत. एकीचं बोलणं टाइप झालं की त्याच कॅसेटवर दुसरीचं भरायचं.

"हिचा टाइमपास!" नरहर पाहुण्यांना हसून सांगत. "ते धड मराठी तरी आहे का?"

एका रविवारी नरहरांना शेअरबाजाराचा नवा प्रोग्रॅम घालायचा होता. 'सी'मध्ये जागा पुरेना. 'डी' लहान करून 'सी' मोठा करता येतो, असं सांगून एका सहकाऱ्याने फ्लॉपी दिली होती. मृणालिनी स्वयंपाकघरात होती, पण तिला विचारावं असं त्यांच्या मनातही आलं नाही. 'डी'मध्ये नुसतं टायपिंग तर आहे! त्यांनी काम सुरू केलं आणि अर्ध्यावर लाइट गेली.

लाइट आली तेव्हा 'डी' उघडेना.

मृणालिनी पोळ्या करत होती. नरहरांनी दारातूनच सांगितलं. "लाइट गेली, त्याला मी काय करणार," हे उत्तर त्यांनी तयार ठेवलं होतं. ते द्यायची वेळच आली नाही.

"सगळं?" तिने विचारलं.

"दिसत नाहीये काही."

तिने तव्यावरची पोळी उलटली. "अन्नपूर्णामावशी माघात गेल्या," ती भाजीचा भाव सांगावा तसं म्हणाली आणि पानं घेतली.

त्यानंतर ती रडली नाही, भांडलीही नाही. शाळेत जायची, परत यायची, खिडकीशी बसायची. टेपरेकॉर्डर कपाटावर गेला. नरहर काही बोलले तर "हं" म्हणायची. घर नेहमीसारखंच चाललं होतं, पण नरहरांना जेवणाची चव लागेना. दिवस कधी उजाडतो, कधी मावळतो, दोघांनाही त्याचं काही वाटेनासं झालं.

शेवटी नरहर कॉम्प्युटर घेऊन लहुराबीरला रुचीकडे गेले. तिचे तिथे कॉम्प्युटरचे क्लास होते. ती मृणालिनीच्याच गल्लीत वाढलेली, तिला ताई म्हणणारी.

रुची म्हणाली, "जीजाजी, कुठली फाइल कुठे आहे याची नोंद बिघडली आहे. मजकूर बराचसा असेल आत. डिस्क एका टोकापासून वाचत जावी लागेल. टाइम लागेल."

काही दिवसांनी तिने बोलावलं.

"बरंच मिळालं. पण फाइलींची नावं गेली आणि तुकडे झालेत. कुठला तुकडा कोणाचा, कशाच्या आधी, हे मशीन नाही सांगू शकत. ज्याने वाचलंय तोच लावेल. आपण वाचलंय ना?"

नरहर कॉम्प्युटरच्या वायरी गोळा करू लागले.

"बुरा मानू नका, जीजाजी. जागा कमी पडली तेव्हा ताईंचाच हिस्सा का कापला?"

"अगं, माझं काम महत्त्वाचं होतं. त्यात लाइट गेली."

"ते ठरवलं कोणी? ताईंना विचारलं होतं? बनारसमध्ये लाइट तर जातेच, तिच्यावर काय ढकलता! घरात पान कमी पडलं की बाई मागून जेवते. खोली कमी पडली की तिचंच टेबल उचललं जातं. आपण तेच केलंत, फक्त मशीनमध्ये."

नरहरांना राग आला. कॉम्प्युटर उचलून ते निघाले.

घरी येऊन त्यांनी पहिला तुकडा उघडला. "मृणाल, हे कोणाचं गं?"

"आता कशाला?" ती खिडकीशी बसूनच म्हणाली. उठली नाही.

मग ते एकटेच वाचू लागले. एका तुकड्यात पुराच्या पाण्यातून नवरी होऊन सासरी आलेली मुलगी होती. दुसरीचा नवरा ज्योतिषी. त्याची दृष्टी गेली, तेव्हा आतल्या खोलीतून तीच पंचांग वाचून त्याला सांगायची आणि बाहेर लोक त्याच्या पाया पडायचे. नरहर रोज संध्याकाळी बसू लागले. ज्या भाषेला ते हसत होते, तिच्यातल्या बायकांचे आवाज आता त्यांना एकमेकींपासून वेगळे ऐकू येऊ लागले.

एके दिवशी हा तुकडा आला:

"मला काय वाटतं, हे आजतक कोणी नाही विचारलं, मृणाल. तू पहिली."

"काकांनीसुद्धा नाही, मावशी?"

"काका? तुझा विचारतो का?"

त्याखाली मृणालिनीने लिहिलं होतं, 'मी पुढचा प्रश्न विचारला.'

नरहरांनी ते पुन्हा पुन्हा वाचलं. अरे, काय केलं हे मी! आणि एका रविवारी नाही, इतकी वर्षं!

ते उठून तिच्यापाशी गेले. "मृणाल, मी तुला कधी काही विचारलंच नाही."

"नाही विचारलंत," ती म्हणाली आणि तांदूळ निवडत राहिली. आवाजात रागसुद्धा नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

तरी त्यांनी काम सोडलं नाही. असंच एका संध्याकाळी ते तुकडे जुळवत असताना मागून आवाज आला.

"हे मावशींचं नाही."

"कशावरून?"

"मावशी 'होडी' कधीच म्हणायच्या नाहीत. 'नाव' म्हणायच्या. होडी म्हणणारी मालविकाकाकू, ती पुण्याहून आलेली."

"मग याच्या आधी काय होतं?"

तिने खुर्ची ओढली. ती सांगत गेली, नरहर विचारत गेले. मावशींच्या पुराच्या आठवणीपाशी ते पोचले. अर्धीच मिळाली होती. पुढचं डिस्कवर कुठेच नव्हतं आणि सांगणारी मावशी राहिली नव्हती. मृणालिनीने पदर तोंडाला लावला आणि इतक्या दिवसांनी पहिल्यांदा ती मोठ्याने रडली. नरहरांनी समजूत घातली नाही. ते नुसते शेजारी बसून राहिले.

वाचकहो, आपल्या घरातही जागा कमी पडते, वेळ कमी पडतो. तेव्हा कोणाचं काम आधी बाजूला सारलं जातं, ते एकदा बघा. तिला न विचारता ते उचलू नका. आणि आज घरी गेलात की तिला विचारा, "तू काय करतेस, मला सांग." तिचं सांगून पुरं होईपर्यंत जागचे उठू नका.