डाव्या हाताची कात्री

मित्रांनो, मी एक जुनी कात्री आहे. दिसायला तुमच्या घरातल्या कात्रीसारखीच, पण मला उजव्या हातात धरून पाहा. कापड कापले जाणार नाही, पात्यांमध्ये दुमडून बसेल. कारण मी डावखुरी आहे.

ज्या कारागिराने मला घडवले, तो मला उलटी बनवताना स्वतःशीच हसत होता. मला न्यायला आली ती कपडे शिवायच्या दुकानातली कापणारी, डावखुरीच. सगळे तिला मावशी म्हणत. दुकानाचा मालक तर तिचा सख्खा भाचा. त्याची आई लवकर गेली, तेव्हा मावशीनेच त्याला वाढवले. पुढे त्याने दुकान काढले आणि कापायच्या टेबलामागे तीच उभी राहिली.

ती वर्षे माझ्या सुखाची होती. खडूच्या रेघेवरून मी अशी चालायची, की रेघ निम्मी इकडे आणि निम्मी तिकडे पडायची. मावशी मला कागदाला लावू देत नसे, कागदाने धार जाते. पुडके फोडायला कुणी मला उचलले, की ती म्हणे, "दात आहेत ना तुला?" गिऱ्हाइके खिडकीजवळच्या मशीनवर बसणाऱ्या शिवणारीला म्हणत, काय सुरेख गळा बसलाय. शिवणारी मोजकेच बोलणारी. ती नुसती मान वळवून मावशीकडे बघायची.

मग एका हिवाळ्यात मावशीचा हात थरथरू लागला. बघणाऱ्याला दिसेल इतका नाही. पण मी तिच्या मुठीत होते, मला सगळ्यांच्या आधी कळले. गळ्याच्या वळणावर हात हलका ठेवावा लागतो. तिथेच मी रेघ सोडून आत घसरू लागले. मावशीने मला धार लावून आणली, मधला खिळा आवळून घेतला. दोष माझा असता तर किती बरे झाले असते!

वाकडा कापलेला गळा वाकडाच शिवला जातो. तक्रारी येऊ लागल्या आणि मालक शिवणारीला बोलू लागला. लक्ष कुठे असते, हाताला वळण नाही का, असे चारचौघांत, गिऱ्हाइकांसमोर. ती खाली मान घालून टाके उसवत बसायची. मावशी मला टेबलावर ठेवायची आणि हात पाठीमागे न्यायची.

आमच्या दुकानात एक रीत होती, मावशीनेच घातलेली. नोकरी सोडायची असेल त्याने टेबलाच्या पलीकडे, गिऱ्हाईक उभे राहते तिथे जाऊन, समोरासमोर सांगायचे. निरोप धाडायचा नाही. एका सकाळी मावशी तिथे जाऊन उभी राहिली. मालकाला थट्टा वाटली. त्याने विचारले, माप घेऊ का.

"नोकरी सोडतेय," ती म्हणाली. "महिनाभर आधी सांगतेय, म्हणजे तुला दुसरं माणूस बघता येईल. त्याला मी शिकवून जाईन."

घरच्या माणसाने कधी राजीनामा द्यायचा असतो का, असे तो म्हणाला. कापू नकोस, नुसती बसून राहा, म्हणाला. शेवटी म्हणाला, बरे, लोकांना सांगू की वय झाले, आता आराम करते.

"नाही. माझा हात थरथरतो. गळे मी बिघडवले, हिनं नाही. कारण हेच सांगायचं, आणि ज्यांच्यासमोर हिला बोललास त्यांनाच सांगायचं."

मालकाने मापाची फीत गुंडाळून ठेवली. मग हळू आवाजात म्हणाला, "मला माहीत होतं गं, मावशी. तुला कसं बोलणार होतो मी?"

"मावशी मी घरी. इथं मी कापणारी होते. एकदा मला बोलला असतास, तर मी तेव्हाच थांबले असते."

खिडकीजवळचे मशीन थांबले. शिवणारी म्हणाली, "अजून थोडे दिवस मी ऐकून घेतलं असतं की, मावशी."

इतका वेळ ताठ उभी असलेली मावशी तेव्हा रडली.

तिने महिना पुरा केला. नव्या कापणाऱ्याला गळ्याचे वळण शिकवले. शेवटच्या दिवशी मला पुसले, तेल लावले, मऊ फडक्यात गुंडाळले. मालक म्हणाला, घेऊन जा, ती तुझीच आहे. "दुकानाची आहे," असे म्हणून तिने मला खणात ठेवले.

नवा कापणारा उजव्या हाताचा. त्याने मला एकदा धरून पाहिले, कापड दुमडले, तो हसला. आता मी पुडक्यांचे दोरे तोडते, जाड कागद कापते. पात्यांवर गंजाचे ठिपके आले आहेत. दातांबद्दल आता कुणी विचारत नाही.

परवा मावशी आली होती, स्वतःचा कुडता शिवायला टाकायला. बटणे नकोत म्हणाली, लावता येत नाहीत. टेबलाच्या पलीकडेच उभी राहिली. नवा माणूस कापत होता. खण अर्धा उघडा होता, त्यातून मला तिचा डावा हात दिसला. टेबलाच्या कडेवर तो नव्या माणसाच्या कात्रीबरोबर उघडत होता, मिटत होता. मालक म्हणाला, आत ये ना. ती म्हणाली, इथंच बरी आहे.

मित्रांनो, कापडाच्या कात्रीला कागद दाखवू नका, तिला गंज चढू देऊ नका, एवढे तर मी मागेनच. पण आणखी एक मागते. ज्याच्यावर तुमची माया आहे, त्याची चूक दुसऱ्याच्या माथी मारू नका. त्याला जवळ बसवून त्यालाच सांगा, आणि वेळेवर सांगा. नाहीतर ते माणूस एक दिवस टेबलाच्या पलीकडे जाऊन उभे राहते, आणि मग कितीही बोलावले तरी अलीकडे येत नाही.