हवालदाराचा गुडघा

अंबरनाथ पश्चिमेला हवालदार धर्मराज एकटाच राहायचा. बायको वारलेली, मूलबाळ नाही. एकाहत्तरच्या लढाईत गुडघ्यात शिरलेल्या लोखंडाच्या तुकड्याची तेवढी सोबत. त्या गुडघ्याची अपंगत्व पेन्शन मिळाली असती, तर उतारवयात कोणापुढे हात पसरायची वेळ आली नसती.

माजी सैनिकांसाठीच्या सरकारी सैनिक बोर्डात पेन्शनच्या अर्जाचं काम फुकट व्हायचं. पण उल्हासनगरचा एजंट दौलतराव दर रविवारी घरी यायचा. ना सनद, ना नेमणूक. मिळेल त्या पेन्शनमधला चौथा हिस्सा मात्र त्याचा ठरलेला. माणूस लबाड, पण ऐकून घ्यायची कला त्याच्यापाशी होती. धर्मराज त्याला तीच लढाई पुन्हा पुन्हा सांगायचा. फौजीची विधवा असलेली शेजारीण कौसाबाई बजावून थकली. "दादा, हा गोड बोलून गळा कापणारा आहे. माझं काम बोर्डाने केलं, चहासुद्धा घेतला नाय."

धर्मराज लंगडत का होईना, चालायचा. दौलतरावाने अर्जात ठोकून दिलं की त्याला उभंही राहता येत नाही. "साहेब, डॉक्टरांसमोर खुर्चीतून हलायचं नाय. बस, इतनाच." हे खोटं धर्मराजला सलत होतं. पण नाही म्हटलं तर रविवार ओस पडला असता.

तपासणीच्या दिवशी तो खुर्ची धरून बसला. दार उघडलं आणि कर्नल डॉक्टर आत आले. फौजेची सवय हाडीमाशी खिळलेली. धर्मराज ताडकन उठला, टाचा जुळवून कडक सलाम ठोकला. जीव जाईल अशी कळ आली, ती त्याने चेहऱ्यावर दिसू दिली नाही. डॉक्टरांनी अर्ज पाहिला, मग त्याला पाहिलं.

"हवालदार, ये तो झूठ है."

दावा फेटाळला गेला. खोट्यापायी खरा गुडघाही वाया गेला.

"सोमवारी ठाण्याला बोर्डात चला," कौसाबाई म्हणाली. "खरं ते सांगू, अपील करू." तो हो म्हणाला. पण रविवार आला, दौलतराव काही आला नाही, आणि त्याला घर खायला उठलं. तो तसाच उल्हासनगरला दौलतरावाच्या दुकानावर गेला.

त्याला पाहून दौलतराव दुकानाच्या मागच्या दाराने सटकायला लागला.

"भांडायला नाही आलो," धर्मराज म्हणाला. "यायचं का बंद केलंत?"

"केसच खतम झाली ना, साहेब. आता येऊन काय करू?"

धर्मराज उंबऱ्याशी घुटमळला. आयुष्यात स्वतःच्या तोंडाने कधी खोटं न बोललेला माणूस, मान खाली घालून म्हणाला, "दुसरा पायही दुखतो म्हणून लिहा की."