जुन्याची पट्टी

दोन बायका अन् फजिती ऐका, असं लोक म्हणतात. म्हणणाऱ्यांना काय जातंय? पाववाल्याच्या घरात फजिती होती ती दोघी बायकांची. तो मात्र मजेत होता. रात्रभर बेकरीत भट्टीपुढे उभा राहायचा, सकाळी दहाला घरी यायचा, बाटली उघडायचा आणि दुपारी एक वाजता त्याचा हात सुटायचा. घराच्या खोल्या दोन, मध्ये एक भिंत. एक दिवस थोरलीकडे, एक दिवस धाकटीकडे, अशी त्यानेच लावून दिलेली पाळी.

थोरली शिवणकाम करायची. आजूबाजूच्या चार गल्ल्यांतल्या बायकांची पोलकी तिच्याच यंत्रावर शिवली जात. धाकटी लग्न होऊन आली तेव्हा नव्या नवरीची पोलकीही तिलाच शिवायला सांगितली. सवतीचे कपडे सवतीनं शिवायचे! पण थोरलीनं मापं घेतली आणि आठ दिवसांत पाच पोलकी हातावर ठेवली.

धाकटीनं पहिला मार खाल्ला तो तिसऱ्याच दुपारी. गालावर सणसणीत थप्पड बसली, आवाज खोलीभर घुमला, मान फिरली. पण दुखलं नाही. तिनं गाल चाचपला. गाल थंड. आरशात पाहिलं तर लालीसुद्धा नाही. दारुड्याच्या हातात जोर तो काय असणार, असं तिनं मनाशी म्हटलं आणि हसली.

तिथंच चुकलं. मार लागत नाही म्हटल्यावर माणूस शहाण्यासारखा वागेल की नाही? ही बया शेफारली. त्याच्या बाटलीत पाणी ओत, तोंडावर उलट बोल, तुझ्यापेक्षा तुझा पाव बरा, तो फुगतो तरी, असलं काहीबाही सुनाव. जीभ नुसती कात्रीसारखी चालायची. तो चिडून आणखी मारायचा, लाथ, काठी, हाताला येईल ते. ही पदर झटकून उठायची आणि भांडी घासायला बसायची. नळावरच्या बायकांना सांगायची, आमच्या ह्यांचा हात म्हणजे नुसता वारा.

थोरली मात्र दिवसेंदिवस वाळत चालली होती. कधी ओठ फाटलेला, कधी दंडावर काळानिळा डाग, आणि तोही धाकटीच्या पाळीच्या दिवशी. विचारलं तर म्हणायची, दार लागलं, पाय घसरला. धाकटीच्या मनात पाल चुकचुकली. माझ्या पाळीच्या दिवशी हा चोरून तिकडे जातो की काय? तिला चक्क मत्सर वाटला, मेलीला! मार खाणारीचाही मत्सर वाटतो माणसाला, काय बोलायचं.

मग ती दुपार आली. त्यानं कमरेचा पट्टा काढला आणि बकलाच्या बाजूनं तिच्या पाठीवर ओढला. एकदा, दोनदा, पाच वेळा. पोलक्याची काखेतली शिवण टरकन उसवली. तो दमून खाटेवर आडवा झाला आणि घोरायला लागला. धाकटीला काहीच झालं नव्हतं. उसवलेली शिवण घालून घ्यावी म्हणून ती थोरलीच्या दाराशी गेली. दाराला आतून कडी लावलेली होती. हाका मारून मारून थकली, तेव्हा कडी निघाली.

थोरली जमिनीवर सरपटत दारापर्यंत आली होती. गळ्यात मोजपट्टी तशीच, यंत्रात अर्धवट बाही तशीच. पाठीवर पाच वळ होते आणि प्रत्येक वळाच्या टोकाला बकलाचा चौकोनी ठसा, ओला, ताजा. धाकटीनं वळून आपल्या दाराकडे पाहिलं. तो तर तिच्या खोलीतून हललाच नव्हता. इथं तर आतून कडी होती.

तिनं आपल्या पोलक्याची उसवलेली बाजू उलटून पाहिली. नव्या अस्तराच्या कडेला एक जुनी, विटकी पट्टी जोडलेली होती. ते कापड तिनं ओळखलं. थोरलीच्या जुन्या पोलक्याचं होतं.

थोरलीनं धापा टाकत सगळं सांगितलं. खोटं कशाला बोलू, म्हणाली, तू आलीस तेव्हा माझा नुसता जळफळाट झाला होता. सवतीला कोरं अस्तर कशाला, म्हणून घामानं कुजलेली माझीच पट्टी लावली पाचही पोलक्यांना. तुला पहिली थप्पड बसली आणि इथं माझा दात हलला. तेव्हा कळलं.

"मग उसवली का नाहीस, ताई?"

"नळावर हसत होतीस गं तू. या घरात कुणी हसलेलं मी ऐकलं नव्हतं."

धाकटीला आपलं एकेक उर्मट बोलणं आठवलं आणि त्या प्रत्येकाचा मार कुणी खाल्ला तेही उमगलं. तिला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. थोरली खोकली, ओंजळीत रक्त आलं. अजून एक असा दिवस ती काढणार नव्हती, हे दोघींनाही कळत होतं. तरी थोरली म्हणत राहिली, उसवू नकोस, तुला नाही सोसायचं. धाकटीनं ऐकलं नाही. उरलेली चार पोलकी आणून तिथंच बसून तिनं पाचही पोलक्यांच्या पट्ट्या उसवल्या आणि चुलीत घातल्या.

मधल्या दिवशी, थोरलीच्या पाळीला, तो नुसता पिऊन पडून राहिला. दोन दिवसांनी पुन्हा धाकटीची पाळी आली. या वेळी ती एक शब्द बोलली नाही, पण त्याला कारण कधी लागलं होतं? हात उठला. थप्पड बसली आणि धाकटीच्या डोळ्यांपुढे अंधार आला. इतकं दुखतं? कानात शिट्टी वाजत राहिली, तोंडात रक्ताची चव आली, ती भिंतीला धरून खाली बसली. भिंतीपलीकडे यंत्र चालू होतं. घडघड, घडघड, एका लयीत. मग ते थांबलं.

दारात थोरली उभी होती. इतके दिवस धाकटीवर हात उठला की पलीकडे ती कोसळायची, मग येणार कशी? आज ती पायांवर उभी होती. त्यानं दुसऱ्यांदा हात उगारला तेव्हा तिनं मनगट धरलं. तिची बाही वर सरकली. दंडापासून बोटांपर्यंत जुने नवे डाग, एकावर एक.

तो त्या हाताकडे बघत राहिला. यातले कितीतरी डाग त्यानं तिच्या अंगावर कधी उठवलेच नव्हते. त्यानं विचारलं, "हे कुणी केलं?"

"तूच," थोरली म्हणाली. आजवर तिनं त्याला अरेतुरे केलं नव्हतं. "सगळे तुझेच आहेत."

त्यानं मनगट सोडवायचा प्रयत्न केला, जमलं नाही. तोवर धाकटीही उठून त्याच्या दुसऱ्या बाजूला उभी राहिली होती. तो मटकन खाटेवर बसला आणि पाय वर घेऊन भिंतीला चिकटला, दोघींकडे आळीपाळीनं बघत.

दोघींनी बाहेरून कडी घातली आणि यंत्र दोन्ही बाजूंनी उचललं. भर दुपारी गल्लीतून निघाल्या. धाकटीचा गाल टम्म सुजला होता, डोळा मिटत चालला होता. नळावरच्या बायका बोलायच्या थांबल्या. थोरली म्हणाली, पदर घे गं तोंडावर.

"नको ताई," धाकटी म्हणाली. "बघू दे त्यांना. हा मार माझा आहे."