कॉफीच्या आधीची खबर

सकाळपासून माझ्या मैत्रिणीचा, बुसैनाचा फोन लागत नव्हता. तिचं गाव निझवाच्या वर डोंगरात. तिथे रेंज कधी असते, कधी नसते. शेवटी मी लॅबमधून निघाले, वाटेत पाण्याच्या बाटल्यांचा खोका घेतला आणि थेट तिच्या घरी गेले.

गेल्या आठवड्यात तिने विहिरीचं पाणी आणलं होतं. "एवढं गोड पाणी मस्कतमध्ये मिळेल का, अंतरा?" आज सकाळी मी ते सहज तपासलं. नायट्रेट मर्यादेच्या दुपटीहून जास्त. मोठ्यांना लगेच काही होत नाही. पण तिच्या भावाची मुलगी दोन महिन्यांची आहे, पावडरच्या दुधावर. इतक्या लहान बाळाच्या रक्तातून मग ऑक्सिजन नीट वाहून नेला जात नाही. ओठ, नखं निळी पडतात.

जाड मातीच्या भिंती, खजुराच्या खोडांचं छत. बुसैना बागेत गेली होती. तिच्या आईने, उम्म सैफने, मला हाताला धरून चटईवर बसवलं.

"बुसैना म्हणते, तू चहात साखरही वजन करून घालतेस!"

मी हसले. नजर मात्र कोपऱ्यात. तिथे सून थर्मासमधलं पाणी दुधाच्या बाटलीत ओतत होती.

"शय उलूम?" कपात कॉफी ओतता ओतता उम्म सैफने विचारलं. काय खबर?

उत्तर बुसैनाने मला शिकवलं होतं: खबर नाही, सगळं छान. बाकी सगळं कॉफीनंतर. त्यांच्या घरी आल्या आल्या कुणी 'खबर आहे' म्हणालं, की कुणीतरी गेलं असं समजतात. आणि या घरचा सैफ, बाळाचा बाप, दूर दुक्मला रिफायनरीत कामाला होता.

सुनेने बाटली हलवायला घेतली.

"खबर आहे," मी म्हणाले.

कॉफीची धार थांबली. सून पांढरीफटक. "सैफ?"

"नाही, नाही! सैफ ठीक आहे. पाणी. तुमचं पाणी बाळाला नको." माझी अरबी बाजारापुरतीच.

"आम्ही उकळतो," उम्म सैफ तडकून म्हणाली.

"उकळून वाढतं. पाणी उडतं, ते मागे राहतं."

सुनेने बाटली मोरीत रिकामी केली आणि तिथेच रडत बसली. मी खोका आणला, नवं पाणी चुलीवर चढलं. बाळाला खिडकीशी नेऊन मी एकेक नख पाहिलं. गुलाबी वाटली. पण मी पाणी तपासते, बाळं नाही.

"हॉस्पिटलला जाऊ," मी म्हणाले. "यल्ला, आत्ताच."

उम्म सैफने कप पुढे केला. "आधी नीट सुरुवात करू. माझा जीव घेतलास. शय उलूम?"

उत्तर पाठ होतं, पण 'सगळं छान' हे अजून मला माहीत नव्हतं.

"डॉक्टरांनी बघितल्यावर सांगते," मी म्हणाले आणि पर्समध्ये चावी चाचपू लागले.

तिने माझ्याकडे रोखून पाहिलं. मग कपातली कॉफी परत किटलीत ओतून तिने किटलीच उचलली.

"मग हीसुद्धा गाडीत घे."