परतीचा माल

फळविभागातल्या बाईंना सगळं दुकान वहिनी म्हणायचं, कारण माल आणणारा ड्रायव्हर त्यांचा सख्खा दीर होता आणि तो दारातूनच "वहिनीऽऽ" अशी हाळी द्यायचा. वहिनी तशा हसऱ्या. पण ठिपके पडलेली गोड केळी आणि उद्या मुदत संपणारा पाव कचऱ्यात टाकताना त्यांचा जीव तीळ तीळ तुटायचा.

शेवटी त्यांनी मॅनेजरसाहेबांमागे लकडाच लावला. सहा दुकानांत माल टाकून गाडी गोदामाकडे नुसते रिकामे क्रेट घेऊन जाते; गोदामाशेजारी गरजूंना फुकट जेवू घालणारं स्वयंपाकघर आहे; बाराच्या आत पोचलेलं सगळं ते घेतात. मग सगळ्या दुकानांतला असा माल त्याच गाडीने तिथे का धाडू नये? साहेबांनी करून बघायला दोन दिवस दिले. "पण दुकानांना माल उशिरा मिळाला तर विषय संपला."

पहिल्याच दिवशी फजिती झाली. माल सगळीकडे उशिरा पोचला आणि स्वयंपाकघराची वेळही टळली. "उद्या शेवटचं," साहेब म्हणाले.

घरी वहिनींनी दिराला फैलावर घेतलं. "भावोजी, झालं काय नक्की?"

"तुमच्याकडे माल दिला, परतीचे क्रेट चढवले. पुढच्या दुकानात दूध उतरवायला जातो तर तेच क्रेट गाडीच्या दारात आडवे! उतरव, चढव, उतरव, चढव. केळ्यांचा पार लगदा झाला."

"पण लगेच चढवले कशाला?"

"भरलेले द्यायचे, रिकामे घ्यायचे. वीस वर्षांचा हात आहे, वहिनी. तो थांबतोय होय!"

वहिनींनी कपाळाला हात लावला. "अहो, जाताना नुसतं द्या. घ्यायचं ते येताना घ्या!"

दीर पोट धरून हसत सुटला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी सगळ्या दुकानांना फोन केले. माल वेळेत पोचला होता. वहिनींचं दुकान जाताना पहिलं, म्हणून येताना शेवटचं. साडेअकराला गाडी आली, दार उघडलं, तर छतापर्यंत क्रेट!

"सगळ्या दुकानांनी सढळ हाताने दिलंय. जागाच नाही, वहिनी."

वहिनींचा चेहरा उतरला. एवढी धडपड त्यांची, आणि त्यांचीच केळी राहणार? तेवढ्यात साहेबांनी बाह्या सारल्या, दोन क्रेट केबिनमध्ये कोंबले आणि म्हणाले, "बसा. तिसरा मांडीवर घ्या."

बाराला पाच मिनिटं असताना आचाऱ्याने तो मांडीवरचा क्रेट उतरवून घेतला, एक केळं सोलून तोंडात टाकलं. "वा! आता परत कधी?"

वहिनींनी साहेबांना फोन लावला. "त्यांनाच विचारा," म्हणत त्यांनी तो सरळ आचाऱ्याच्या कानाला धरला.

"रोज," पलीकडून साहेब म्हणाले. "वहिनींना सांगा, आता रोज."